बयामावशीने धुतलेल्या नळ्या

वाशी,
१८ ऑक्टोबर १९८७

प्रिय मुक्ता,

जयभीम. तुझं पत्र ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आलं. मावशीच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला मी परभणीला यावं, तिच्याबद्दल चार शब्द बोलावेत, असं तू लिहिलं होतंस. तो दिवस होऊन गेला. मी आलो नाही आणि येत नाही असंही कळवलं नाही. तुला वाटलं असेल, कंपनीत मोठा साहेब झाला, आता कशाला ओळख ठेवील. तसं वाटलेलं मला परवडलं असतं. खरं कारण तुझ्याच पत्रातली एक ओळ. 'आई शेवटपर्यंत सांगायची, धर्मा होता म्हणून माझ्या दारात पोलीस आले नाहीत.' ती ओळ मी लॅबमध्ये उभ्या उभ्या वाचली आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं. तेव्हापासून ते या शर्टातून त्या शर्टात फिरतंय. धुणं टाकताना बायकोनं, भागीरथीनं, ते दोनदा काढून टेबलावर ठेवलं. तिसऱ्या वेळी तिनं वाचलं, आणि 'तुम्ही उत्तर का देत नाही?' म्हणून विचारलं. तिला जे सांगितलं तेच आता तुला सांगायचं आहे. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली असेल, तू घरी असशील, म्हणून आजच बसलोय.

इकडची खबर म्हणशील तर दिघा तुला ओळखू येणार नाही. आपल्या मागच्या डोंगराला खदानवाल्यांनी एका बाजूनं कापून काढलंय, सुरुंगाचे आवाज दुपारभर चालतात. आमच्या खोलीला लागून असलेल्या तुमच्या खोलीत आता एक शिंपी राहतो. तुमच्या दारातला नळ तेवढा तसाच आहे, रांगही तशीच. बाबा एक्याऐंशी साली गेले. चार वर्षांपूर्वी मी सिडकोचं दोन खोल्यांचं घर घेतलं. सोसायटी आहे, वरच्या टाकीला पाणी आहे, मुलगी बालवाडीत जाते. मी त्याच कंपनीत आहे, आता लॅबचा प्रमुख. बारा वर्षं झाली. हे सगळं मी कसं मिळवलं ते तुला ठाऊक नाही. मावशीलाही ठाऊक नव्हतं.

शहात्तर सालचा जुलै तुला आठवतो का? तू ठाण्याच्या कॉलेजात जायचीस आणि येताना माझ्यासाठी पेपर आणायचीस. मंगळावर यान उतरल्याची बातमी तू आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलीस. बाबा, मावशी, मी, सगळे ऐकत होतो. यानाचा लांब हात माती उकरणार, चिमूटभर माती एका इवल्याशा भट्टीत टाकणार, भट्टी पाचशे डिग्रीपर्यंत तापणार, आणि मातीतून निघालेले वायू बारीक नळीतून जाऊन एकेक करून ओळखले जाणार. मातीत कधीकाळी काही जिवंत असेल तर त्याचा अंश त्या वायूत यायला हवा. तू थांबलीस तेव्हा बाबा म्हणाले, 'एवढ्या लांब जाऊन माती भाजायची, काय एकेकाची हौस.' मावशीनं मात्र वेगळंच विचारलं. ती तेव्हा आमच्या लॅबमध्ये काचसामान धुवायला लागून सहाच महिने झाले होते. तिनं विचारलं, 'मंग त्या नळ्या तिथं धुतंय कोन?' आपण दोघं हसलो. मी म्हणालो, 'तिथं कुणी नाही मावशी, इथूनच धुवून पाठवतात.' तर म्हणाली, 'मंग धुनारनीवर लई जिम्मा की, बाबा.'

त्या भट्टीनं मला पुरतं झपाटलं. आमच्या लॅबमध्ये वायू वेगळे करून ओळखणारं एक यंत्र होतंच. औषधाच्या पावडरीत सॉल्व्हंट किती राहिलं ते त्यावर पाहायचो. आम्ही त्याला नुसतं 'जीसी' म्हणायचो. कागदाची पट्टी सरकत राहते, पेन हलतं, आणि प्रत्येक वायूचा कागदावर एकेक डोंगर उमटतो. कोणता डोंगर किती मिनिटांनी आला यावरून तो वायू कोणता ते कळतं. मला वाटलं, याच्या पुढं आपणही एक भट्टी जोडावी. सुट्टीच्या दिवशी मी अमेरिकन लायब्ररीत जाऊन जे मिळेल ते वाचून यायचो. काचेऐवजी क्वार्ट्झची नळी मिळवली, तिच्याभोवती शेगडीची तार गुंडाळली, डिमरस्टॅटनं उष्णता कमीजास्त करता यायला लागली, एका टोकाला नायट्रोजनचा सिलिंडर आणि दुसरं टोक जीसीला. दीड वर्ष गेलं त्यात. आमचे मॅनेजर दिनानाथ सबनीस, त्यांनीही कौतुक केलं. पाहुणे आले की 'आमच्या धर्मराजची मंगळभट्टी' म्हणून दाखवायचे. वस्तीतल्या एका पोराला कोटावाल्या माणसानं नावानिशी पाहुण्यांसमोर उभं करावं, याची मला किती नशा होती ते तुला तेव्हाच्या पत्रांतून दिसलं असेलच. तू तोवर डी.एड.ला अंबाजोगाईला गेली होतीस आणि मी दर आठवड्याला चार पानं त्या भट्टीबद्दलच लिहीत होतो.

मावशी त्या नळ्या कशा धुवायची ते मात्र मी तुला कधी लिहिलं नाही. तीनदा साधं पाणी, दोनदा डिस्टिल्ड, मग अ‍ॅसिटोन, मग ओव्हनमध्ये वाळवणं. बाहेर काढली की चिमट्यानं धरून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहायची, आणि एखादा डाग दिसला की काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून. इतर काचसामानाला तेलकटपणा असेल तर मिथिलीन क्लोराइडनं धुवायची मुभा होती. तेच कंपनीत ड्रमच्या ड्रम वापरलं जायचं, त्यामुळे लॅबमध्ये कायम भरलेली बाटली असे. पण भट्टीच्या नळ्यांना ते लावायचं नाही, असं मी तिला एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा कधी सांगावं लागलं नाही. तिनं भट्टीच्या नळ्यांसाठी वेगळं घमेलं, वेगळा चिमटा आणि वेगळं फडकं ठेवलं होतं.

मंगळाचा निकाल मी सत्त्याहत्तरमध्ये वाचला होता. मातीत जिवंताचा अंश सापडला नाही. पाण्याची वाफ निघाली, कार्बन डायऑक्साइड निघाला, आणि अगदी नावापुरती क्लोरीनवाली दोन द्रव्यं. त्यातलं एक मिथिलीन क्लोराइड. शास्त्रज्ञांचं म्हणणं, हे बहुधा पृथ्वीवरूनच गेलेलं असावं, यंत्र स्वच्छ करताना वापरलेल्या द्रव्यांचा राहिलेला अंश. मी ते सबनीससाहेबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. माणूस लक्षात ठेवणारा होता.

आता गोटीराम पाटलांचं सांगतो. तू त्यांना पाहिलंयस. खाडीकडच्या गावातले, त्यांची बायको गोजरा आपल्या वस्तीत टोपली घेऊन मासळी विकायला यायची, आणि मावशीच्या दारात बसून पाणी प्यायची. आमच्या कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून त्यांची उरलेली तीन गुंठे जमीन आणि एक विहीर. बाकी सगळी जमीन सिडकोत गेली. एकोणऐंशीच्या मार्चमध्ये गोजरानं मावशीजवळ रडगाणं गायलं की विहिरीच्या पाण्याला गोडसर वास मारतोय, म्हशी तोंड लावत नाहीत. मावशी म्हणाली, आमच्या धर्माकडं माती भाजून वास ओळखायचं यंत्र आहे. दुसऱ्या दिवशी गोटीराम गेटाबाहेर उभे. मला म्हणाले, 'धरमा, आमचे बावीचं पानी नासलंय. पंचायतीनं अर्ज केलाय, पन अर्जाला कोन इचारतंय? तुजे मशीनला कलंल ना, काय हाय त्यात?' त्यांच्या भाषेत विहिरीला बाव म्हणतात. मी म्हटलं कळेल. विहिरीच्या तळाचा गाळ मावशीनं स्वतः काचेच्या बरणीत भरून आणला, झाकणावर ओलं फडकं बांधून. गेटावर कुणी विचारलं तर जेवणाचं लोणचं म्हणून सांगायचं, असं तिनंच ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

मी तो गाळ शनिवारी भट्टीत घातला. चार मिनिटांनी पेन वर गेलं आणि कागदाच्या बाहेर जाईल की काय असं वाटावं इतकं वर गेलं. मिथिलीन क्लोराइड. मी ओळखीचा नमुना घालून ताडून पाहिलं, त्याच मिनिटाला तोच डोंगर. पुन्हा गाळ, पुन्हा तेच. मुक्ता, तेव्हा मला गोटीरामांची आठवण आली नाही. मला एवढंच वाटलं की माझी भट्टी चालते. मी तो कागद घेऊन तसाच सबनीससाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. शाबासकी घ्यायला गेलो होतो मी.

त्यांनी कागद नीट पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, 'हा गाळ इथं आला कसा?' मी मावशीचं नाव सांगितलं. इतकं सहज सांगितलं की ते तोंडातून निघाल्यावरसुद्धा मला काही वाटलं नाही. साहेब म्हणाले, 'पंचायतीच्या अर्जावर सरकारी ऑफिसनं आपल्याकडे खुलासा मागवलाय, त्याला आपल्याच लॅबचा रिपोर्ट जोडायचा आहे. हा कागद जोडू का?' मग म्हणाले, 'तूच मला सांगितलं होतंस ना, मंगळावरही हेच द्रव्य निघालं आणि ते यंत्र धुतल्याचं होतं म्हणून? एवढे मोठे शास्त्रज्ञ म्हणतात, धुण्यातून आलं. आपल्या लॅबमध्ये तर याच द्रव्यानं भांडी धुतात. तू कशावरून म्हणतोस की ते गाळातून आलं?'

प्रश्न चुकीचा नव्हता. त्याला उत्तर द्यायची रीतही ठरलेली आहे, तिला ब्लँक म्हणतात. माती न घालता धुतलेली रिकामी नळी तशीच तापवायची. नळीत धुण्याचा अंश असेल तर रिकाम्या नळीतूनही तोच डोंगर येणार. मी साहेबांना म्हणालो, मी ब्लँक घेतो. ते म्हणाले, घे. बुधवारी, अकरा एप्रिलला, मी तीन रिकाम्या नळ्या घेतल्या, तिन्ही मावशीनं धुतलेल्या. एकामागून एक तापवल्या. पेन जागचं हललं नाही. तीन पट्ट्यांवर तीन सरळ रेषा. मावशी बाजूलाच बसून घमेलं पुसत होती. तिनं विचारलं, 'काहीच नाही आलं की रं?' मी म्हणालो, 'काही न येणंच चांगलं आहे, मावशी.' ती हसली.

त्या तीन पट्ट्या मी साहेबांना दिल्या. त्यांनी त्या खणात टाकल्या आणि खण लावून घेतला. मग दार लोटून मला बसायला सांगितलं. त्यांच्याकडे रिपोर्ट टाइप होऊन तयार होता. त्यात लिहिलं होतं की दिनांक अकरा एप्रिलला घेतलेल्या रिकाम्या नळ्यांतही तेच द्रव्य आढळलं, सबब ते विहिरीतलं नसून धुण्यातल्या निष्काळजीपणामुळे आलेलं आहे. खाली माझं नाव आणि सहीची जागा. साहेब आवाज न चढवता बोलले. 'बाहेरची माती चोरून आत आणली, ही गोष्ट पोलिसांत देता येते. तुझंही नाव त्यात येईल. दिघ्याच्या झोपडपट्टीतल्या माणसाचं पोलीस काय ऐकतात ते तुला मी सांगायला नको. बाईला कामावरून कमी करू, विषय संपला. तुला मी नव्या जीसीच्या ट्रेनिंगला बंगलोरला पाठवायचं ठरवलंय, ते तसंच राहील.' मी म्हणालो, 'पोलीस नको साहेब.' ते म्हणाले, 'नाही आणणार. सही कर.'

मी सही केली. मावशी ज्याला पोलिसांपासून वाचवणं म्हणायची, ते हे.

त्यानंतरचे काही दिवस मी स्वतःला काय काय सांगितलं ते ऐक, कारण ते सगळ्यात वाईट आहे. मी म्हटलं, तीनच नळ्या तर पाहिल्या. चौथी अस्वच्छ नसेल कशावरून? मी म्हटलं, मंगळावर यंत्र पाठवणारेही म्हणतात की आपल्याच हातचं गेलं असावं, मग दिघ्यातला मी कोण मोठा? ट्रेनिंगला जाताना गाडीत बसूनही हेच घोकत होतो. पण त्या लोकांनी जे निघालं ते जगापुढं मांडलं होतं, शंकाही मांडल्या होत्या. माझ्याजवळ शंका नव्हतीच. माझ्याजवळ तीन सरळ रेषा होत्या आणि त्या मी दुसऱ्याच्या खणात जाऊ दिल्या.

गुरुवारी, बारा तारखेला, दुपारी मावशीला ऑफिसात बोलावलं. कागद इंग्रजीत होता, रिकाम्या नळ्यांत ते द्रव्य आढळल्याचं त्यातही लिहिलेलं. साहेब म्हणाले, धर्मराज, वाचून दाखव. मी मराठीत सांगितलं, तुझ्या धुण्यामुळे तपासणी बिघडली, म्हणून कामावरून कमी करत आहेत, आणि हे तू मान्य करतेस. वाचताना माझं लक्ष वरच्या कोपऱ्यातल्या तारखेकडं गेलं. नऊ एप्रिल. म्हणजे मी रिकाम्या नळ्या तापवायच्या दोन दिवस आधीच, त्या नळ्यांत काय सापडलं ते टाइप करून ठेवलेलं होतं. मला ते दिसलं आणि मी पुढच्या ओळीवर गेलो. मावशीनं एकदाच माझ्याकडं पाहिलं, 'खरंच मह्यामुळं झालं का?' मी मान डोलावली. मग क्लार्कनं शाईचं पॅड पुढं केलं, तर ती म्हणाली, 'अंगठा कामून? मला सही येते.' तू आदल्या उन्हाळ्यात पाटीवर गिरवून घेतलेली सही तिनं सावकाश केली. कागदाची एक प्रत तिच्या हातात दिली, ती तिनं पिशवीत घातली. साहेब तिला म्हणाले, माती चोरून आणल्याचं पोलिसांत देणार होतो, धर्मराजनं विनवलं म्हणून सोडतो.

दोन दिवसांनी जयंती. वस्तीत सकाळपासून निळे झेंडे, लाऊडस्पीकर. मी अंगात बरं नाही म्हणून घरात पडून होतो. मावशी पांढरं लुगडं नेसून, आंघोळ करून, पोरांना वाटायचे लाडू घेऊन आली. बाबा बाहेर गेले होते. ती माझ्या उशाशी बसली आणि म्हणाली, 'लेकरा, मह्या हातानं तुहं मंगळाचं काम बिघडलं. मी लई जपून धुत होते रे, कुठं चुकलं कळंना. तू मनाला लावून घेऊ नको.' तिनं माझी माफी मागितली, मुक्ता. माझ्याच घरात, माझ्या डोक्यावर हात ठेवून. मला उठून बसता आलं असतं, बोलता आलं असतं. मी भिंतीकडं तोंड केलं, आणि तिला वाटलं पोराला वाईट वाटतंय.

पुढचं तुला माहीत आहे. ती तुझ्याकडं अंबाजोगाईला आली, नंतर तुझ्या नोकरीच्या गावी. तू मला पत्रं लिहीत राहिलीस आणि मी तीन पत्रांना एक, मग पाच पत्रांना एक, मग काहीच नाही. दोन वर्षं वाट पाहून तू विचारलंस, 'माझं काही चुकलं का?' त्याही पत्राला मी उत्तर दिलं नाही. आपण यंत्र बिघडवलं म्हणून धर्मा दुरावला, असं मावशी समजत होती, हे मला बाबांकडून कळलं होतं. मी ते तसंच समजू दिलं. आपण ठरवलेलं सगळं त्यात गेलं. तुझा संसार चांगला चाललाय हे तुझ्या पत्रावरून कळलं, म्हणून त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

गोटीराम त्या रिपोर्टनंतरही गप्प बसले नाहीत. गेटावर येऊन मला म्हणाले होते, 'तू खरा सांग, धरमा, मंग मी परत यायचा नाय.' मी म्हणालो रिपोर्टात आहे तेच खरं. ते परत आले नाहीत. गोजरा त्र्याऐंशीत गेली, कावीळ पोटात उतरली म्हणतात. त्या पाण्यानं गेली असं मी म्हणू शकत नाही, कुणी तपासलंच नाही. तपासायचं माझ्या हातात होतं. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात भोपाळ झालं. त्या आठवड्यात आमच्या पट्ट्यातली माणसं उशाशी ओलं फडकं ठेवून झोपत होती. कंपनीनं आम्हाला मुखवटे वाटले आणि मी ते मोजून घेतल्याची सही केली. तेव्हाही मी बोललो नाही. पुढच्या वर्षी मावशी गेल्याची तुझी तार आली, तेव्हाही नाही.

आता या पावसाळ्यात सरकारनं विहिरींच्या चौकशीसाठी एक समिती नेमली आहे. सप्टेंबरात समितीचा माणूस लॅबमध्ये आला आणि एकोणऐंशीचा तो रिपोर्ट माझ्यासमोर ठेवून म्हणाला, 'ही सही तुमचीच ना?' मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी मी कंपनीतून निघून सरळ गोटीरामांच्या घरी गेलो. आठ वर्षांनी. ते दारात जाळं विणत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, 'बयाबाईला म्हाईत हाय का?' ती गेल्याचं मी सांगितलं. तेव्हा त्यांनी जाळं खाली ठेवलं आणि आत जाऊन मला पाणी आणून दिलं. पाणी टँकरचं होतं. भागीरथीला मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'नोकरी जाईल ती जाऊ दे, मी शिवण घेईन. पण समितीला सांगायच्या आधी तिच्या लेकीला सांगा. तिनं पेपरात वाचावं असं करू नका.'

म्हणून हे पत्र, पण तेवढ्याचसाठी नाही, आणि हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. सोमवारी, नऊ नोव्हेंबरला, ठाण्याला सुनावणी आहे आणि मी जबाब देणार आहे. गोटीरामांचे वकील म्हणतात, तुमचा नुसता शब्द टिकणार नाही. आठ वर्षं कंपनीचा पगार खाल्ला आणि आता आकसानं बोलतो, असं समोरचे म्हणतील. त्या तीन पट्ट्या कुठेच नाहीत. मावशीच्या कागदाची कंपनीतली प्रतही जुन्या दप्तराबरोबर नष्ट केल्याचं त्यांनी लिहून दिलंय. सरकारकडच्या रिपोर्टात अकरा एप्रिल आहे. नऊ एप्रिलचा कागद फक्त मावशीच्या पिशवीत होता. ती कुठलाही कागद फेकत नव्हती, तुला माहीतच आहे. तिच्या ट्रंकेत असेल तर शोध. माझ्यावर विश्वास ठेवायला मी सांगणार नाही, म्हणून माझ्याकडं पाठवू नकोस. वकिलांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, त्यांना रजिस्टर पोस्टानं पाठव. तू पाठवला नाहीस तरी मी जबाब देणारच आहे. आणि पाठवणार असलीस तर आधी तो नीट वाच. तुला इंग्रजी येतं, तिला येत नव्हतं. तिच्या सहीच्या खाली, डाव्या बाजूला, साक्षीदाराची सही आहे. ती सही माझी आहे.

'तुझाच' लिहायचा हक्क मी त्या गुरुवारी घालवला. खाली नुसतं नाव लिहितो.

धर्मराज